टीबीच्या गोळ्या: केशरी लघवीला घाबरू नका, पिवळ्या डोळ्यांना घाबरा

माझ्या धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि गोळ्यांचं पहिलं पाकीट घेऊन तो धनकवडीला घरी आला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं सुटलो, आता काय, सहा महिने गोळ्या खायच्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाथरूममधून ओरडतच बाहेर, ताई लघवीतून रक्त येतंय. रक्त वगैरे काही नव्हतं, गोळीतल्या एका औषधाचा रंग होता, पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर त्या गडबडीत डोक्यात शिरलं नव्हतं, आणि त्याने घाबरून पुढच्या दिवशीचा डोसच घेतला नाही. मग दुसऱ्या महिन्यात अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र "कोर्स मोडायचा नाही" म्हणून चार दिवस तसाच गोळ्या घेत राहिला आणि पाचव्या दिवशी डोळे पिवळे. म्हणजे जिथे थांबायचं नव्हतं तिथे थांबला आणि जिथे थांबून दवाखान्यात पळायला हवं होतं तिथे थांबला नाही. तो आता ठणठणीत आहे. पण हा फरक आम्हाला पहिल्या दिवशी कळायला हवा होता म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्याच्यासोबत चकरा मारून, डॉक्टरांना आणि सिस्टरना शंभर प्रश्न विचारून, वाचून जे समजलं ते सांगतेय, आणि हे साध्या टीबीबद्दल आहे, म्हणजे ज्याच्यावर नेहमीची औषधं चालतात तो. एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, त्याची औषधं वेगळी, त्यावर शेवटी थोडं बोलू.

आधी ती गोळी म्हणजे नक्की काय ते बघू. सरकारी दवाखान्यातून मिळणारी पहिल्या दोन महिन्यांची जी गोळी आहे ती एक गोळी म्हणजे एक औषध नाही, एकाच गोळीत चार औषधं भरलेली असतात. रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५. दवाखान्यात या दोन महिन्यांना आयपी म्हणतात. त्यानंतरचे चार महिने म्हणजे सीपी, त्यात पायराझिनामाइड काढून टाकतात आणि तीन औषधांची गोळी देतात. ही दोन्ही पाकिटं दिसायला सारखी वाटू शकतात म्हणून पाकीट बदललं की नावं वाचा, घरात जुनं आणि नवं पाकीट एकाच डब्यात ठेवू नका.

किती गोळ्या घ्यायच्या ते वयावर नाही, वजनावर ठरतं. मोठ्या माणसाचं वजन २५ ते ३४ किलो असेल तर रोज दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच आणि त्याच्यावर सहा. माझा भाऊ ४८ किलोवर आला होता, त्याला तीन होत्या, आणि शेजारच्या काकूंच्या ओळखीच्या एकांना चार, तर आमच्याकडे लगेच चर्चा की आपल्याला कमी का दिल्या. म्हणून सांगते, दुसऱ्याशी तुलना करू नका. औषध लागू पडून वजन बरंच वाढलं तर डॉक्टर गोळ्या वाढवू शकतात, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करायला लावतात ते टाळू नका, ते काही उगाच नसतं.

आता चार औषधं कशाला, एक जालीम औषध का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. टीबीचे जंतू शरीरात कोट्यवधी असतात आणि त्यात काही जंतू जन्मतःच एखाद्या औषधाला दाद न देणारे असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न देणारा साधारण दहा कोटींत एक. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, हे मोजके उरतात आणि तेच वाढत जातात, मग ते औषध कायमचं निकामी. पण दोन्हींना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू हवा तर दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं एवढ्यात एखादा, तेवढे जंतू शरीरात नसतातच. सगळी ताकद या एकत्र माऱ्यात आहे. म्हणूनच चारातलं एक औषध त्रास देतं असं वाटलं की तेवढंच सोडून बाकीचं घ्यायचं हा घरगुती शहाणपणा सगळ्यात धोक्याचा.

आणि सहा महिने का? कारण सगळे जंतू एकसारखे जागे नसतात. जे भराभर वाढत असतात ते पहिल्या काही आठवड्यांत मरतात, खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, माणूस म्हणतो मी बरा झालो. पण काही जंतू नुसते पडून असतात, झोपल्यासारखे, आणि औषध झोपलेल्या जंतूवर नीट चालत नाही, तो जागा व्हायची वाट बघावी लागते. शेवटचे चार महिने म्हणजे ही वाट बघणं आहे. माझा भाऊ चौथ्या महिन्यात नेमका इथेच घसरला. चाकणला शिफ्टची नोकरी, पगार कापला गेलेला, तब्येत सुधारलेली, मित्र म्हणाले अरे तुला काय झालंय, आणि गणपतीत गावी गेला तो गोळ्या इथेच पुण्यात. बारा दिवस. परत आल्यावर मी त्याला ओढत नेलं. मला भीती होती की रागावतील, पण तिथल्या सिस्टरनी शांतपणे तारखा मोजल्या आणि राहिलेले डोस पुढे जोडून पूर्ण करायला लावले. त्यांनी एवढंच विचारलं की गावी गेलास तर तिथल्या दवाखान्यात का नाही गेलास. कारण नोंदणी झाली की निक्षय नंबर, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर मिळतो, तो देशभर चालतो, जास्त दिवस गावी राहायचं असेल तर तिथल्या केंद्रात गोळ्या मिळायची सोय होते, नाहीतर निघण्याआधी तेवढ्या दिवसांच्या मागून घ्यायच्या. हे वारीला जाणाऱ्यांनी, सुगीला गावी जाणाऱ्यांनी, साइटवर काम बदलणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवा.

एखादा डोस विसरला तर काय? त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवशीचा नेहमीचाच घ्या, कालच्या आणि आजच्या मिळून डबल घ्यायच्या नाहीत. आणि विसरलेला दिवस लपवू नका, सांगा. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज पेनाने बरोबरची खूण करायचो, आई दूधवाल्याचा हिशोब जिथे मांडते तिथेच, आणि तो कागद घेऊनच दवाखान्यात जायचो. मोबाईलमध्ये अलार्म लावला होता पण खरं काम त्या कॅलेंडरने केलं कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसायचं.

घ्यायच्या कशा ते सांगते. सगळ्या गोळ्या एकाच वेळी, दिवसातून एकदा. दोन सकाळी एक रात्री असं वाटून घेतलं की रक्तात औषधाची जी पातळी एकदम वर जायला पाहिजे ती जात नाही. उपाशीपोटी उत्तम, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी, कारण पोटात अन्न असलं की रिफाम्पिसिन नीट शोषलं जात नाही. पण इथे एक गोष्ट समजून घ्या, उपाशीपोटी घेतल्यावर रोज मळमळत असेल, उलटी होत असेल, तर डॉक्टरांना विचारून थोडं हलकं काही खाऊन घेतलेलं चालतं. हलकं खाऊन घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा लाखपटीने बरी. भावाची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची, त्यामुळे वेळ जमेना, शेवटी ठरवलं की शिफ्ट कुठलीही असो, झोपून उठल्यावर पहिलं काम गोळ्या. ही युक्ती डॉक्टरांनाही चालली. पित्तासाठी ते गुलाबी पातळ औषध घ्यायची सवय असेल तर त्यात आणि या गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर आयसोनियाझिड अंगी लागत नाही. गोळी मोठी आहे, गिळवत नाही म्हणून कुटून मधात घालून द्यायचं मनाने ठरवू नका, विचारा. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या वेगळ्या गोळ्या येतात.

आता त्रासाचं. हा भाग निवांत वाचा.

लघवी केशरी, कधी लालसर होणार. घामाचा, थुंकीचा, डोळ्यांतल्या पाण्याचाही रंग बदलू शकतो, पांढऱ्या बनियनवर डाग दिसतील. हे रिफाम्पिसिनचं आहे आणि यात काहीही धोका नाही, उलट औषध अंगात गेल्याची खूण समजा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मात्र त्या कायमच्या रंगू शकतात, तेवढे महिने चष्मा लावा.

मधल्या गटातले त्रास असे की ज्यात गोळ्या थांबवायच्या नाहीत पण गप्पही बसायचं नाही. हातापायाला मुंग्या, तळपायाची जळजळ, हे आयसोनियाझिडमुळे होतं कारण ते शरीरातलं बी-६ व्हिटॅमिन कमी करतं. त्यासाठी सोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात, ती "शक्तीची गोळी आहे, नाही घेतली तरी चालेल" म्हणून बाजूला ठेवू नका. डायबिटीस असलेल्यांना, दारू पिणाऱ्यांना, गरोदर बायकांना, खूप अशक्त माणसाला हा त्रास जास्त होतो. पहिल्या दोन महिन्यांत सांधे दुखू शकतात, पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं त्यामुळे, त्यावर डॉक्टर औषध देतात. थोडी खाज, थोडी मळमळ हेही सांगायचं, सोसत बसायचं नाही.

आणि आता ते, जिथे पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. पहिलं लिव्हर. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला जड आहेत. सुरुवात पिवळ्या डोळ्यांनी होत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, सुरुवात होते ती जेवण नकोसं होण्याने, सारख्या मळमळीने, उलट्यांनी, उजव्या बरगडीखाली दुखण्याने, कारण नसताना येणाऱ्या थकव्याने. मग डोळे पिवळे. लघवीवरून ओळखणं अवघड जातं कारण ती आधीच केशरी असते, तरी गोळीचा रंग डोसनंतर काही तास गडद आणि मग फिका होत जातो, काविळीत मात्र दिवसभर कोऱ्या चहासारखी काळपट राहते. म्हणून रोज सकाळी खिडकीपाशी उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघायची सवय लावा, ट्यूबलाइटमध्ये नीट कळत नाही. भावाच्या गोळ्या तेव्हा डॉक्टरांनी थांबवल्या, रक्ताची लिव्हरची तपासणी परत परत केली, आणि आकडे खाली आल्यावर एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने चालू केलं, म्हणजे दोषी कोण ते कळावं. हे काम घरी होऊच शकत नाही. थांबवलेल्या गोळ्या आपल्या मनाने परत चालू करू नका हे मी हात जोडून सांगते, रिफाम्पिसिन मध्येच सोडून परत घेतलं की काहींना थंडी-ताप भरतो आणि क्वचित प्लेटलेट एकदम खाली जातात किंवा किडनीवर येतं. अंगावर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आलं तर क्षणभरही थांबू नका.

दुसरं डोळे. इथॅम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेला त्रास होऊ शकतो, नजर धूसर होते, लाल आणि हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. लवकर पकडलं तर बहुतेक वेळा परत सुधारतं. घरच्या घरी बघायचं तर पुन्हा कालनिर्णयच कामाला येतं. एक डोळा झाका, दुसऱ्याने लाल तारखा वाचा, मग उलट. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर एका डोळ्याचा दोष दुसरा झाकतो. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी हे सुरुवातीलाच सांगायला हवं कारण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. आणि तिसरं, अंगभर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, चेहरा सुजणं.

दुसरी औषधं चालू असतील तर सगळ्यांची यादी घेऊन जा, अगदी काढे-चूर्णसुद्धा. रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की इतर पुष्कळ औषधं लवकर संपून जातात. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर त्यामुळे भरवसा ठेवता येत नाही, कोर्सभर आणि त्यानंतरही निदान चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं, आणि हे बायकांना फार कमी वेळा कुणी मोकळेपणाने सांगतं. शुगरच्या काही गोळ्या कमी पडायला लागतात, शुगर वाढते. रक्त पातळ ठेवायची गोळी, फिटची औषधं, एचआयव्हीची औषधं या सगळ्यांचा डोस बघावा लागतो. आणि उलटंही आहे, कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत हा परिणाम ओसरतो, मग वाढवलेला शुगरचा डोस जास्त होऊन शुगर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून टीबीचा कोर्स संपला की शुगरच्या डॉक्टरांनाही सांगायला जा. दारू पूर्ण बंद, सहा महिने, एक घोटही नको. ताप-अंगदुखीला क्रोसिनसुद्धा विचारूनच, कारण तीही लिव्हरवरच जाते.

गरोदरपणात ही चारही औषधं देतात, आईचा टीबी तसाच ठेवणं बाळासाठी जास्त वाईट. अंगावर पाजायचंही थांबवायचं नाही, फक्त थुंकीत जंतू असतील तर मास्क लावायचा आणि बाळाला काही द्यायचं का ते डॉक्टर बघतात.

घरातल्यांना भीती असते ती लागण होण्याची, आणि त्या भीतीतून ताट-वाटी वेगळी केली जाते. आमच्याकडे आत्याने तेच केलं होतं. टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताट वेगळं करून खिडकी बंद ठेवली तर काय उपयोग, खिडकी उघडा. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत लागण व्हायची शक्यता खूप कमी होते, तोवर आणि डॉक्टर सांगतील तोवर मास्क. १९५६ साली मद्रासला जे संशोधन केंद्र सुरू झालं तिथे त्यांनी हेच तपासलं होतं, अर्धे रुग्ण सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, आणि अर्धे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, दोघांनाही एक वर्ष औषध. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. त्याआधी टीबी म्हणजे मिरजेजवळ वानलेसवाडीसारख्या सॅनिटोरियममध्ये महिनोन्‌महिने घरापासून लांब. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी त्याचं ताट आमच्यात मांडलं. घरातल्यांचीही तपासणी होते आणि आजार नसेल तर टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्यांनीही भूक आणि डोळे बघत राहायचं, लिव्हरचा नियम त्यांनाही तोच.

प्रायव्हेट डॉक्टरकडे गेलात तरी टीबीची नोंद सरकारकडे व्हावीच लागते, २०१२ पासून तसा नियम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेचे महिन्याला पैसे बँक खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. त्याचे अंडी, शेंगदाणे, डाळ आणा, कारण अशक्त शरीराला या गोळ्या जड जातात. १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे, शंका आली की फोन करा.

मेडिकलमधून या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळता कामा नयेत, २०१४ पासून त्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. भावाचा खोकला आधी दीड महिना चालला होता आणि एका दुकानातून त्याला दोनदा नुसतंच अँटिबायोटिक मिळालं. त्यातली काही अँटिबायोटिक्स टीबीला थोडी दाबतात, माणसाला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर औषध नाही, थुंकीची तपासणी मागा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. चालत नसेल तर तो सुरुवातीला म्हटलेल्या एमडीआरसारखा वेगळा रस्ता. पूर्वी त्यात दीड-दोन वर्षं औषधं आणि इंजेक्शनं घ्यावी लागायची, आता बेडाक्विलिनसारखी नवी औषधं आहेत आणि काहींना सहा महिन्यांचा कोर्सही देता येतो, पण त्यात ईसीजी वगैरे सतत बघावं लागतं. तिथे या लेखातले गोळ्यांचे आकडे लावू नका.

गोळ्या पाकिटातच ठेवा, ऊन आणि ओल दोन्हींपासून लांब, गॅसच्या वरच्या फळीवर नको. पोरांच्या हाताला लागतील अशा तर अजिबात नकोत, आयसोनियाझिड जास्त पोटात गेलं तर झटके येतात.

कोर्स संपल्यावर दोन वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी तपासायला बोलावतात, त्याला जायचं, कारण परत उद्भवला तर बहुतेक याच काळात उद्भवतो. आणि डोस बदलल्यामुळे म्हणा, थांबवल्यामुळे म्हणा, घरात काही स्ट्रिपा उरतात. आमच्याकडे दोन उरल्या होत्या. चुलतभावाला खोकला होता, काका म्हणाले दे ना त्याला, फुकट कशाला जायच्या. मी त्या दोन्ही स्ट्रिपा पर्समध्ये टाकल्या, केंद्रावर परत देऊन आले, आणि चुलतभावाला सोबत घेऊन गेले थुंकी तपासायला.